थिकनेस गेज की फ्लॉ डिटेक्टर? वाळूज-जालन्याच्या कारखान्यांसाठी हातातल्या यूटी उपकरणांचा हिशेब

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीतून ‘यूटी मशीन घ्यायचंय’ (यूटी म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने तपासणी) अशी चौकशी निघते तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा दोन वेगळ्या गरजा मिसळलेल्या असतात. एकाला टाकीची, पाइपची, कास्टिंगच्या भिंतीची जाडी हवी असते. दुसऱ्याला फोर्जिंगच्या पोटात क्रॅक आहे का ते बघायचं असतं. तत्त्व दोन्हीकडे एकच. प्रोबमधला, म्हणजे धातूवर टेकवायच्या तुकड्यातला, क्रिस्टल काही मेगाहर्ट्झचा ध्वनी धातूत सोडतो, मागच्या भिंतीवरून किंवा वाटेतल्या पोकळीवरून तो परत येतो, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढलं जातं. पण खरेदी म्हणून या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाडीचं गेज आयटीआयचा शिकाऊ मुलगाही थोड्या सरावाने नीट वापरतो. फ्लॉ डिटेक्टर, म्हणजे आतला दोष शोधणारं उपकरण, मात्र पडद्यावरचा इको (परत आलेला ध्वनी) वाचणारा माणूस नसेल तर स्टोअरच्या कपाटात धूळ खातो.

साधं आकडेवालं गेज

ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. टीएम ८८१२ हे चिनी मॉडेल आणि त्याच जातीची बरीच भावंडं वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगांत मिळतात. सोबत ५ मेगाहर्ट्झचा दोन क्रिस्टलवाला प्रोब, कपलंटची (प्रोब आणि धातू यांच्यातली हवा घालवणाऱ्या जेलची) छोटी बाटली आणि गेजच्या अंगावरच बसवलेली ४ किंवा ५ मिमीची स्टीलची चकती. पल्ला १ किंवा १.२ मिमीपासून २०० मिमीपर्यंत छापलेला असतो, पण तो स्टीलसाठी. पडद्यावर ०.०१ मिमीपर्यंत आकडा नाचतो, आणि त्यालाच गिऱ्हाईक भुलतं. याच वर्गातल्या गेजच्या माहितीपत्रकात अचूकता साधारण ०.५ टक्के अधिक ०.१ मिमी अशी दिलेली असते. १० मिमीच्या प्लेटवर याचा अर्थ ०.१५ मिमी वर किंवा खाली. दुसरा दशांश अंक शोभेपुरता समजायचा.

तरीही साखर कारखान्याच्या ऑफ सीझनच्या कामाला हे गेज पुरतं. बॉयलरच्या नळ्या, ज्यूस हीटर, मोलॅसिसच्या टाक्या या ठिकाणी मागच्या वर्षीच्या नोंदीपेक्षा धातू किती झिजला एवढंच बघायचं असतं. दरवर्षी त्याच खुणेवर, त्याच प्रोबने मोजलं तर घट कळते. अट एकच, नळीवरची राख आणि गंज घासून चकचकीत धातू दिसला पाहिजे. बगॅसच्या राखेसोबत उडणारी रेती नळीला एकाच बाजूने खाते, म्हणून एका जागी मोजून पुढे जाऊ नये; नळीच्या घेरावर किमान चार ठिकाणी प्रोब टेकवावा. प्रोबच्या तोंडावर मधोमध जी रेघ दिसते ती दोन क्रिस्टलांमधली आडभिंत. ती नळीच्या लांबीला काटकोनात ठेवायची, प्रोब किंचित डोलवायचा आणि सर्वांत कमी स्थिर आकडा लिहायचा. आणखी एक, हा आकडा फक्त धातूचा असतो. आत पाण्याचा क्षार चढलेला असेल तर तो यात येत नाही.

गेज फसवतं ते बहुतेक वेळा वेगाच्या सेटिंगमुळे. कारखान्यातून ते ५९२० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे कार्बन स्टीलसाठी लावून येतं. त्याच सेटिंगवर ग्रे कास्ट आयर्न मोजलं, ज्यात वेग ४६०० च्या आसपास असू शकतो, तर खरी १० मिमीची भिंत १२.८७ मिमी दिसेल. ॲल्युमिनियममध्ये वेग सुमारे ६३२०, म्हणून तिथे उलटं होतं आणि १० मिमीचे ९.३७ होतात. वाळूजच्या पट्ट्यात डायकास्ट ॲल्युमिनियम आणि कास्ट आयर्न एकाच शेडमध्ये चालतात, तिथे ही चूक रोज होण्यासारखी आहे. मेनूमधलं ‘कास्ट आयर्न’ हे तयार सेटिंगही डोळे झाकून घेऊ नये, कारण ग्रे आयर्नचा वेग ग्रॅफाइट कसं बसलंय त्यावर बराच बदलतो. आपल्याच हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) एक तुकडा मिलिंग करून दोन्ही बाजू समांतर करा, मायक्रोमीटरने मोजा आणि गेजचा आकडा जुळेपर्यंत वेग फिरवा. तो तुकडा नंबर पाडून गेजच्याच पेटीत ठेवायचा.

पातळ पत्र्यावर वेगळीच गंमत. प्रोबच्या किमान मर्यादेखाली गेलं की पहिला इको गेजच्या हाती लागत नाही, दुसरा लागतो, आणि १ मिमीचा पत्रा २ मिमी दिसतो. आकडा स्थिर असतो, कपलिंगची खूणही पडद्यावर व्यवस्थित असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. ३ मिमीच्या खालचं काम नेहमीचं असेल तर त्याच मापाचा नमुना शेजारी ठेवून दर वेळी पडताळावं.

याच्या उलट प्रकार प्लेटमध्ये. १२ मिमीची नवी प्लेट मधेच ६ मिमीच्या आसपास दाखवते आणि चार बोटं सरकवलं की परत १२. प्लेट पातळ नाही, तिच्या पोटात लॅमिनेशन, म्हणजे सुटलेला थर, आहे. ध्वनी अर्ध्या वाटेवरूनच परततोय. स्टोअरमध्ये माल उतरवून घेताना या फुकटच्या तपासणीचा फायदा फार थोडे जण उठवतात.

रंगाचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. रंगाच्या थरात ध्वनी स्टीलच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो, त्यामुळे पाव मिमीचा रंग गेजला अर्ध्या मिमीहून जाड स्टीलसारखा वाटतो. ६ मिमीची टाकी रंगासकट ६.६ दाखवते, आणि झीज झालेली टाकी ‘ठीक’ म्हणून पास होते. साध्या गेजवर याला उपाय एकच: खरवडून धातू उघडा करणे.

पडदा असलेलं गेज

इथून पुढे किंमत उडी मारते, पण माझ्या मते मध्यम आकाराच्या कारखान्याने पैसे घालायची खरी जागा हीच. या गेजवर आकड्यासोबत ए-स्कॅन दिसतो, म्हणजे इकोची उंची आणि अंतर. गेजने कोणता इको पकडलाय हे डोळ्यांनी कळतं, त्यामुळे वर सांगितलेली दुप्पट जाडीची चूक जागच्या जागी पकडली जाते. पिटिंग (गंजाचे खड्डे) झालेल्या टाकीत खड्ड्याचा बारका इको आणि मागच्या भिंतीचा मोठा इको वेगवेगळे दिसतात. साधं गेज अशा ठिकाणी कधी हा, कधी तो आकडा दाखवत बसतं.

दुसरा लाभ रंगावरून मोजण्याचा. इको-टू-इको पद्धतीत गेज मागच्या भिंतीच्या लागोपाठच्या दोन इकोंमधला वेळ घेतं. रंगातला वेळ दोघांतही सारखाच असल्याने तो वजा होऊन जातो. मात्र मागची बाजू फार गंजलेली असेल तर दुसरा इको येतच नाही आणि ही पद्धत गप्प बसते. ऑलिंपसचं ३८डीएल प्लस, ज्याची कंपनी २०२२ पासून ईव्हिडंट नावाने चालते, त्यात यासाठी थ्रू-कोट नावाची आणखी एक सोय आहे. ती रंग आणि धातू यांची जाडी वेगवेगळी दाखवते, पण ठरावीक प्रोबवरच चालते. कोटेशनमध्ये प्रोबचा नंबर तपासा. साध्या प्रोबसह उपकरण घेतलं तर ही सोय मेनूत असूनही उपयोगाची नाही.

फाउंड्रीवाल्यांसाठी या वर्गाचा सगळ्यात मोलाचा वापर जाडीचा नाहीच, वेगाचा आहे. एसजी आयर्न, म्हणजे गोळ्यांच्या रूपातल्या ग्रॅफाइटचं कास्ट आयर्न, यात हे गोळे नीट बनले असतील तर वेग साडेपाच हजाराच्या वर, सुमारे ५६०० पर्यंत मिळतो. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियम उडतं, गोळे बिघडतात आणि वेग खाली घसरतो. लॅडलमधल्या शेवटच्या साच्यांवर म्हणूनच नजर ठेवायची. कृती सोपी आहे. कास्टिंगवर दोन समांतर बाजू असलेली जागा ठरवा, तिथली खरी जाडी मोजून गेजमध्ये भरा आणि वेग वाचा. पास-नापासची रेषा मात्र पुस्तकातून उचलू नका. आपल्याच ग्रेडचे चांगले-वाईट नमुने कापून, मायक्रोस्कोपखाली नोड्युलॅरिटी (किती ग्रॅफाइट नीट गोल झालंय) बघून आणि ग्राहकाशी बोलून ती ठरवावी लागते. २० मिमीच्या जागी व्हर्नियरची ०.१ मिमी चूक म्हणजे वेगात अर्धा टक्का, जवळपास २८ मीटरचा फरक. चांगलं-वाईट ठरवणारं अंतरच थोडं असतं, त्यामुळे इथे व्हर्नियर नको, मायक्रोमीटर हवा. कच्च्या वाळूच्या पृष्ठभागावर ही चाचणी करूच नये. प्रोबखाली मावेल एवढी जागा ग्राइंड करून घ्यावी.

फ्लॉ डिटेक्टर

हातात किंवा गळ्यात घेऊन फिरता येतील अशी उपकरणं आता भरपूर आहेत. क्राउटक्रेमरचं यूएसएम गो साडेआठशे ग्रॅमच्या आसपासचं आहे, जॉयस्टिकवर चालतं आणि डावखुऱ्यासाठी पडदा उलटा करता येतो. ईपॉक ६५० वजनाने त्याच्या जवळपास दुप्पट, पण ते फिरत्या बटणासह किंवा त्याशिवाय अशा दोन रूपांत मिळतं. तेल-ग्रीसने माखलेल्या हाताला फिरतं बटण जास्त सोयीचं, हे फोर्जिंग शॉपमध्ये लगेच कळतं. अहमदाबाद-मुंबईच्या भारतीय कंपन्यांची उपकरणं यांच्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात आणि साध्या फोर्जिंग-वेल्डिंगच्या कामाला कमी पडत नाहीत. दुरुस्तीला रेल्वेने पाठवता येतात हा फायदा कागदावर दिसत नसला तरी मोठा आहे.

फरक पडतो तो प्रोबने. स्टीलमध्ये ५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १.२ मिमी आणि २ मेगाहर्ट्झची ३ मिमी. ढोबळमानाने तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान दोष सापडण्याची आशा धरू नये. म्हणून वरच्या मेगाहर्ट्झचा मोह होतो, पण नॉर्मलाइझ न केलेल्या जाड दाण्याच्या फोर्जिंगवर ५ मेगाहर्ट्झ लावला की पडदाभर गवत, म्हणजे दाण्यांवरून आलेले बारीक इको, उगवतं आणि मागचा इको बुडतो. तिथे २ वर उतरावंच लागतं. जालन्याच्या बिलेटवर तर वरचा स्केल आणि आतला जाड ओतीव दाणा दोन्ही आडवे येतात. रोल करून झालेल्या टीएमटी सळईवर यूटी मागणारेही भेटतात. रिब असलेल्या त्या अंगावर प्रोब बसायलाच जागा नाही, आणि तिचा निकाल सळईच्या आयएस १७८६ मानकाप्रमाणे ताण आणि बेंडसारख्या चाचण्यांवर लागतो.

फोर्जिंगसाठी नेहमीची जोडी अशी: २४ मिमीचा २ किंवा ४ मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब आणि वरच्या थरासाठी टीआर, म्हणजे दोन क्रिस्टलवाला, प्रोब. एका क्रिस्टलच्या प्रोबला पृष्ठभागालगतचे काही मिमी दिसत नाहीत, तो त्याचा मेलेला पट्टा. शिवाय २४ मिमी, ४ मेगाहर्ट्झच्या प्रोबचं नियर फील्ड (प्रोबजवळचा पट्टा, जिथे इकोच्या उंचीवर भरवसा ठेवता येत नाही) स्टीलमध्ये जवळपास ९७ मिमीपर्यंत जातं. ६० मिमीच्या शाफ्टवर त्याने दोषाचा आकार ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. तिथे १० मिमीचा प्रोब घ्यावा, त्याचं नियर फील्ड १७ मिमीत संपतं.

कामाची रीत स्टील फोर्जिंगच्या यूटीसाठीच्या एएसटीएम ए ३८८ या मानकात नेमकी दिलेली आहे. पृष्ठभाग साधारण ६ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत, प्रोबचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर किमान १५ टक्के चढलेला, आणि सरकवण्याचा वेग सेकंदाला १५० मिमीहून जास्त नाही. पाळीच्या शेवटी घाईने फिरवलेल्या प्रोबचा पहिला बळी ही वेगमर्यादाच असते. सुरुवातीला व्ही-१ या ठरावीक मापाच्या कॅलिब्रेशन ब्लॉकच्या २५ मिमी बाजूवर २५, ५०, ७५, १०० असे इको जागेवर बसवायचे, मग जॉबच्या चांगल्या भागावर मागचा इको पडद्याच्या ८० टक्के उंचीला आणायचा. तपासताना गेन (इको मोठा करून दाखवण्याचं सेटिंग) ६ डीबी वाढवून ठेवला तर इकोची उंची दुप्पट होते, बारकं काही निसटत नाही. नोंद घेताना परत मूळ गेनवर यायचं. मधे दोषाचा इको नसताना मागचा इको अचानक पडला तर ते दुर्लक्षित करू नका. आधी ग्रीस पुसून पुन्हा लावा. तरीही पडतच असेल तर तिरका क्रॅक ध्वनी दुसरीकडेच फेकत असण्याची शक्यता आहे, आणि कोन प्रोबने, म्हणजे ध्वनी तिरका सोडणाऱ्या प्रोबने, बघावं लागेल.

वेल्डिंगवर कोन प्रोब घेताना त्याच्यावर छापलेला कोन खरा धरू नये. १२ मिमी प्लेटवर ७० अंशाचा पूर्ण स्किप (तिरका ध्वनी तळावर आपटून परत वर येईपर्यंतचं आडवं अंतर) सुमारे ६६ मिमी. घासून घासून तो ६८ अंश झाला तर स्किप ५९ वर येतो, म्हणजे दोषाची जागा साडेसहा मिमी चुकते आणि ग्राइंडरवाला चांगलं वेल्ड उकरून ठेवतो. व्ही-१ वर कोन रोज तपासा. मे महिन्यात तर सकाळी आणि दुपारी दोनदा, कारण प्रोबचं ॲक्रिलिक तापलं की त्यातला वेग कमी होतो आणि स्टीलमधला कोन वाढतो. ७० अंशाला हा परिणाम सर्वांत जास्त. आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंना स्किपच्या अंतराहून थोडं जास्तच, म्हणजे इथे ८० मिमीपर्यंत स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) साफ केलेला हवा, नाहीतर प्रोब त्यावरून टकटक करत जातो आणि निम्मं वेल्ड न बघितलेलं राहतं.

दोन कामांसाठी हे उपकरण घेऊ नका. गिअर किंवा क्रँकशाफ्टवरचे पृष्ठभागाचे बारीक क्रॅक मॅग्नेटिक पार्टिकलने जास्त खात्रीने आणि स्वस्तात सापडतात. डायकास्टिंगमधली विखुरलेली बारीक गॅस पोरॉसिटी एक्स-रेचं काम आहे.

माणसाचं सांगायचं तर निकालावर सही करणारा तपासनिसांच्या पात्रतेच्या एसएनटी-टीसी-१ए प्रमाणे लेव्हल २ किंवा आयएसओ ९७१२ प्रमाणे प्रमाणित असावा. लेव्हल १ ने ठरवून दिलेल्या पद्धतीने तपासावं, अर्थ लावू नये. कारखान्यात असा माणूस नसेल आणि महिन्याला मोजकेच जॉब असतील तर थर्ड पार्टीला बोलावणं उपकरण घेण्यापेक्षा परवडतं.

कपलंट, ऊन आणि केबल

मराठवाड्यात पारा ४२ च्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमध्ये पाण्यावर आधारित जेल बघता बघता सुकतो. उघड्यावरच्या टाकीला हात लावता येत नाही, तिथे साधा प्रोब तर ठेवूच नये. साधारण ५० अंशांपुढे त्याच्या आतला चिकटा सुटायची भीती असते. सकाळी लवकर मोजा. तापलेल्या स्टीलमध्ये वेग कमी होतो, दर ५५ अंशांना आकडा सुमारे एक टक्का जास्त दिसतो. १० मिमीवर पहाट आणि दुपार यांत ०.१ मिमीच्या आतलाच फरक, तो चालून जातो. बिघडतो प्रोब.

सोनोग्राफीचा जेल स्वस्त आहे आणि काम करतो, पण मशिनिंग झालेल्या भागावर रात्रभर राहिला तर सकाळी गंजाचा डाग. ग्लिसरीन उन्हात टिकतं. ग्रीस खडबडीत कास्टिंगला उत्तम, उभ्या भिंतीवर उन्हात मात्र ओघळतं. पुढे रंगकाम असेल तर सिलिकॉनवालं काही वापरू नये. कितीही पुसलं तरी रंगाला डोळे (गोल खड्डे) पडतात.

आकडा उड्या मारायला लागला की उपकरणावर खापर फुटतं. आधी केबल बघा. प्रोबजवळच्या वाकणाऱ्या टोकाशी तार आतून तुटते आणि हाताने हलवली की आकडा येतो-जातो. मग प्रोबचं तोंड. खडबडीत कास्टिंगवर ओढल्याने ते तिरकं घासतं आणि शून्य सरकतं. काचेवर ४०० ते ५०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट करता येतं, त्यानंतर शून्य पुन्हा लावायचं. प्रोब ओढू नये, उचलून ठेवावा. उपकरणासोबतच एक जादा केबल आणि एक जादा प्रोब मागून घ्या, कनेक्टर लेमो आहे की बीएनसी ते लिहून. लहान चिनी गेजवर लेमोचा बारीक प्लग असतो आणि तो जिल्ह्याच्या बाजारात सहज मिळत नाही.

एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागताना त्यावर प्रोबचा सिरियल नंबर आलाय का बघा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकाच्या ऑडिटमध्ये प्रोब बदललेला आणि सर्टिफिकेट जुन्या प्रोबचं, एवढ्यावर नोंद पडते.

डेमोच्या दिवशी डीलर स्वतःचा चकचकीत स्टेप ब्लॉक काढतो, त्यावर सगळीच उपकरणं बरोबर दाखवतात. ग्राहकाने परत पाठवलेला, ब्लोहोल (वायूची पोकळी) किंवा श्रिंकेजचा (धातू आकसल्याने पडलेल्या पोकळीचा) संशय असलेला आपला जॉब पुढे करा. दोष कुठे आणि किती खोल ते चॉकने जॉबवरच लिहायला सांगा, मग त्याच्यासमोर बँडसॉवर कापा. पर्चेस ऑर्डर त्यानंतर.